रात्रीं न उघडणारी झडप

ज्या शाळेच्या प्रयोगशाळेंत आम्हीं प्रथम विजेचा घट हातीं धरिला, त्याच शाळेच्या वार्षिकांत विजेपायीं झालेली आमची फजिती छापून यावी, यांत एक प्रकारचा न्याय आहे. शाळा सोडल्यावर पुढें बत्तीस वर्षें आम्हीं दुसऱ्या गांवीं मुलांना पदार्थविज्ञान शिकविलें, आणि तें शिकवीत असतां आपणांस तें येतें अशी आमची समजूत झाली होती. सन २०२३ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतीं, पुतण्याच्या घरच्या मोटारखान्यांत, या समजुतीस जो धक्का बसला त्याची ही हकीकत आहे.

पुतण्या तेथें पाणीपुरवठ्याच्या कामावर अभियंता आहे. शहराबाहेर त्यानें थोडी जमीन घेतली आहे, आणि शेजाऱ्यांप्रमाणें तोही सुटीच्या दिवशीं वाळल्या गवताचे गठ्ठे ट्रेलरवर लादून गिऱ्हाइकाकडे पोहोंचवितो. त्यासाठीं त्यानें एक जुनी डिझेलची पिकअप गाडी विकत घेतली. आधींच्या मालकानें त्या गाडीला स्वतःच्या हौसेनें एक जोडयंत्र बसविलें होतें. चढणीवर जोर यावा म्हणून डिझेलच्या जोडीला प्रोपेन वायु देण्याची ही सोय. मालकानें सर्व तारा लाल रंगाच्याच वापरल्या होत्या व कोणती तार कोठें जाते याचें टिपण मुळींच ठेविलें नव्हतें. यावरून वाचकांनीं त्या गृहस्थाची ओळख करून घ्यावी.

हा प्रोपेन कोणी परका नव्हे. आपल्या स्वयंपाकघरांतील लाल सिलिंडरांत जो वायु असतो तो प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण होय. त्याला मूळचा वास नसतो; गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळावें लागतें. तो हवेपेक्षां सुमारें दीडपट जड असल्यामुळें वर उडून न जातां खोलगट जागीं सांचून राहतो. ही शेवटची गोष्ट मुलांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

डिझेलच्या यंत्रांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं ती दाबानेंच तापते, आणि तींत डिझेलचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. प्रोपेन या बाबतींत हट्टी आहे. डिझेल सव्वादोनशें अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतः पेटूं शकतें, तर प्रोपेनला पावणेपांचशेंच्या घरांत उष्णता लागते. म्हणून यंत्रांत ओढल्या जाणाऱ्या हवेंत थोडासा प्रोपेन मिसळला तर तो स्वस्थ राहतो, आणि डिझेलची ज्योत लागली कीं तिच्या संगतीनें जळतो. प्रमाण चुकून अधिक झालें तर मात्र तो स्वस्थ राहत नाहीं. अवेळीं पेटतो, यंत्रांत हातोडे मारल्यासारखा आवाज होतो, आणि गोष्ट दट्ट्या वितळण्यापर्यंत जाऊं शकते. असें जोडयंत्र गाडीला असावें कीं नसावें, याविषयीं आमचें मत पुतण्याला आम्हीं पहिल्याच दिवशीं सांगितलें. त्यानें तें आदरानें ऐकून घेतलें व गाडी होती तशीच ठेविली.

वायूच्या वाटेवर एक झडप असते. पितळेच्या ठोकळ्यांत लहानशी लोखंडी खुंटी, तिला खालीं दाबून धरणारी स्प्रिंग, आणि भोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें. वेटोळ्यांतून वीज वाहूं लागली कीं तें लोहचुंबक बनतें, खुंटीला वर ओढतें व वायूला वाट मिळते. वीज थांबली कीं स्प्रिंग खुंटीला पुनः जागेवर बसविते. या वेटोळ्यास सोलेनॉइड म्हणतात. अँपियर या फ्रेंच शास्त्रज्ञानें ग्रीक भाषेंतील नळी या अर्थाच्या शब्दावरून हें नांव पाडिलें. झडप उघडतांना 'टक्' असा आवाज होतो.

बॅटरींतून निघालेली वीज फ्यूजमधून, चालकासमोरील बटणांतून व रिलेंतून जाऊन या झडपेस पोहोंचते. रिलेला हुकूम देणारें दाबाचें एक निराळें बटण आहे. गाडी जोर करूं लागली आणि टर्बोनें आंत ढकललेल्या हवेचा दाब दर चौरस इंचास सहा पौंड झाला, म्हणजे तें बटण जोडलें जातें. यंत्र बंद पडलें कीं दाब जातो, त्याबरोबर वीज जाते, आणि झडप मिटते. दाबाचें हें बटण म्हणजे दारावरील पहारेकरीच समजावा.

आतां तक्रार काय होती तें सांगतों. दिवसां ट्रेलर ओढून डोंगर चढतांना झडप उघडे व गाडी जोमानें चढे. रात्रीं परत येतांना त्याच चढणीवर गाडी अशी रडे कीं मागून येणाऱ्या वाहनांची रांग लागे. दिवसां ठीक, रात्रीं बंद. हें ऐकतांच आम्हीं हातांतला घांस खालीं ठेविला आणि निदान सांगून टाकिलें: थंडी!

निदान मोठें देखणें होतें. प्रोपेन हा उणे ४२ अंशांवर उकळणारा पदार्थ. टाकींत तो द्रवरूपानें असतो व वरची वाफ आपण वापरतों. वाफेचा दाब उष्णमानावर अवलंबून. २० अंशांवर तो दर चौरस इंचास शंभर पौंडांहून अधिक असतो, आणि पाणी गोठण्याइतकी थंडी पडली कीं जवळजवळ निम्म्यावर येतो. तेथील ऑक्टोबरच्या रात्री चांगल्याच गार असतात. आम्हीं कागदाच्या रुमालावर आलेख काढून दाखविला. पुतण्या व सूनबाई दोघेंही प्रभावित झालीं. त्यांची दहा वर्षांची कन्या मात्र म्हणाली, "आजोबा, मग टक् असा आवाज का येत नाहीं? तो तर विजेचा असतो ना?" आम्हीं तिला सांगितलें कीं, मोठेपणीं हें समजेल.

पुढचा सारा दिवस आम्हीं टाकी घरांतील उबेस लागून असलेल्या मोटारखान्यांत गाडीसह ठेविली, तिच्यावर दोन घोंगड्या घातल्या, आणि रात्रीं पुतण्या चढणीवर जाऊन आला. झडप उघडली नाहीं. तेव्हां रुमालावरील आलेखाकडे पुनः पाहिलें असतां आम्हांस उमगलें कीं, निम्मा झाला तरी तो दाब या कामास पुरून उरणारा होता. इतकेंच नव्हे, तांब्याची तार थंडींत विजेला कमी विरोध करिते, म्हणजे थंडीनें झडप उलट अधिक तत्परतेनें उघडावयास हवी होती. ही गोष्ट आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल! परंतु एकदां निदान आवडलें म्हणजे त्याच्या विरुद्ध बोलणारे सगळे धडे मनुष्य विसरतो.

दुसऱ्या रात्रीं आम्ही मीटर घेऊन अंगणांत उभे राहिलों. टाकीची हातानें फिरवावयाची चावी बंद केली, नळींतील वायु मोकळ्या हवेंत सोडून दिला, व यंत्र बंद ठेवून केवळ किल्ली फिरविली. टर्बोचा दाब कोठून आणावा? पुतण्यानें सायकलचा पंप दाबाच्या बटणाला जोडला आणि कांटा सहावर नेला. ही त्याची युक्ति खरोखर वाखाणण्यासारखी होती. उजेडासाठीं गाडीचेच पुढचे दिवे मोटारखान्याच्या भिंतीवर लाविले होते. आम्हीं मीटरचें काळें टोंक बॅटरीच्या ऋण खुंट्याला लाविलें, लाल टोंक झडपेकडे येणाऱ्या तारेला लाविलें. १२.४ व्होल्ट. पूर्ण वीज! तरीही झडप मुकी. मग वेटोळेंच जळालें असावें म्हणून तें सोडवून मोजलें. तेंही दहा ओहम् भरलें, म्हणजे निर्दोष. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, सूर्यप्रकाशांत, तीच झडप त्याच पंपानें दर वेळीं टक् करून उघडूं लागली.

येथें आमच्या हातून जें घडत होतें तें लपवून ठेवण्याची इच्छा होते, परंतु लिहितों. पुतण्याला त्या संध्याकाळीं गवताच्या दोन खेपा द्यावयाच्या होत्या. शब्द दिलेला होता. तो म्हणाला, "काका, मधल्या कुठल्या तरी बटणांत खोट आहे. ती शोधण्यापेक्षां बॅटरीपासून झडपेपर्यंत एकच सरळ तार टाकूं. समोर एक साधें बटण लावतों. चढण आली कीं मी लावीन, संपली कीं बंद करीन." आणि बत्तीस वर्षें मुलांना शिकविलेल्या आम्हीं मान डोलाविली. नुसती डोलाविली नाहीं. लाल तारेचें भेंडोळें आणून तीन वाव तार आम्हींच मापून कापली व तिचीं टोकें आमच्याच हातांनीं सोललीं.

याचा अर्थ काय होता तो सांगितला पाहिजे. सरळ तार म्हणजे पहारेकऱ्याला घरीं पाठविणें. चढणीवर यंत्र मध्येंच बंद पडलें, चालक घाबरला, आणि बटण तसेंच राहिलें, तर झडप उघडीच राहणार व वायु आंत जात राहणार. जड वायु हवेच्या नळींत सांचणार. त्या गाडीच्या यंत्रांत थंडीच्या वेळीं आंत जाणारी हवा तापविण्यासाठीं विजेची एक जाळी आहे. गाडी सुरू करतांना ती तांबडी होते. सांचलेला प्रोपेन आणि तांबडी जाळी यांची गांठ पडली म्हणजे नळीच्या चिंधड्या उडतात. बॉनेटपासून चार हातांवर पुतण्या बसणार, आणि पुष्कळदां त्याच्या शेजारीं त्याची कन्या. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक असून तार सोलली.

मोठीं माणसें तार ओढण्यासाठीं छिद्र शोधीत असतां ती मुलगी पंपाशीं खेळत होती. पंप दाबावा, टक् ऐकावें, हवा सोडावी, पुनः दाबावा, असा तिचा क्रम चालला होता. तिनें मध्येंच उठून गाडीचे दिवे लाविले. भिंतीवर हातांच्या सावल्यांचा ससा करून पाहावयाचा होता. मग परत येऊन पंप दाबला.

"आजोबा, दिवे लावले कीं टक् होत नाहीं."

आम्हीं तिला सांगितलें, "बाळ, आम्ही कामांत आहों."

ती गेली, दिवे बंद करून आली, पंप दाबला. टक्. पुनः दिवे. पंप. कांहीं नाहीं. "आणि गाडीचा एक डोळा पिवळा आहे," ती म्हणाली.

आम्हीं भिंतीकडे पाहिलें. उजव्या दिव्याचा प्रकाश पांढरा होता, डाव्याचा खरोखरच मळकट पिवळा. पुतण्या म्हणाला कीं त्याची काच जुनी झाली असेल. पण आम्हांस एकाएकीं घाम सुटला. रात्र आणि दिवस यांत थंडीखेरीज दुसराही एक भेद आहे, आणि तो इतका ढळढळीत कीं कोणाच्या ध्यानांत येऊं नये: रात्रीं दिवे लावावे लागतात! गाडी जुनी असल्यामुळें तिचे दिवे दिवसां आपोआप लागत नसत. अंगणांतील आमची सारी परीक्षा दिव्यांच्या उजेडांत झाली होती, आणि सकाळची दिव्यांवांचून.

आमच्या लहानपणीं या शाळेचे शास्त्राचे सर मंडल जोडून झाल्यावर वीज सोडण्यापूर्वीं प्रत्येकाला तारेवरून बोट फिरवावयास लावीत. घटाच्या एका टोकापासून निघावयाचें, दिव्यांतून, बटणांतून, सर्व वळणें घेत घटाच्या दुसऱ्या टोकाला परत यावयाचें. अर्ध्यावर बोट उचललें तर पट्टी बसे. विजेची वाट ही वर्तुळाकार असते, हें त्या पट्टीनें आमच्या हाताला शिकविलें होतें. आणि येथें आम्हीं दोन दिवस केवळ जाण्याची वाट तपासली होती. वीज झडपेपर्यंत पोहोंचते कीं नाहीं हें पाहिलें. परत कशी येते हें पाहिलेंच नाहीं. मोटारीच्या सोयीमुळें हा विसर पडतो. तींत परतीची तार बॅटरीपर्यंत नेत नाहींत. जवळच्या लोखंडी अंगाला स्क्रूनें पक्की करितात व गाडीचें अंगच परतीची वाट बनतें. आपले कारागीर तिला नुसतें 'अर्थ' म्हणतात.

दिवे लाविले, मुलीनें पंप दाबून धरिला. काळें टोंक बॅटरीच्या ऋण खुंट्यावर होतें तसेंच ठेवून आम्हीं लाल टोंक झडपेच्या दुसऱ्या, परत जाणाऱ्या तारेला लाविलें. तेथें शून्याच्या आसपास आंकडा दिसावयास हवा. दिसले चार व्होल्ट.

ज्या मुलांना ओहमचा नियम शिकविला गेला आहे त्यांनीं हिशेब करून पाहावा. वेटोळें दहा ओहम्. परतीच्या वाटेंत गंजामुळें साधारण एक ओहमचा अडथळा. झडप एकटी असली तर एकूण अकरा ओहम्; १२.४ पैकीं अकराहून अधिक व्होल्ट वेटोळ्याच्या वाट्यास येतात व खुंटी उचलली जाते. आतां त्याच गंजलेल्या वाटेनें ५५ वॅटचा दिवा परत येऊं लागला. तप्त झालेल्या दिव्याचा विरोध अवघा अडीच ओहमच्या जरा वर; तो झडपेच्या तिपटीहून जास्त वीज ओढतो. एवढी गर्दी त्या एक ओहमच्या अरुंद बोळांतून जाऊं लागली कीं तेथेंच चार व्होल्ट खर्ची पडतात. वेटोळ्याला उरतात आठ. तेवढ्यानें स्प्रिंग हटत नाहीं. आणि दिव्यालाही आठच मिळतात, म्हणून तो पिवळा.

मग पहिल्या रात्रीं आमच्या मीटरनें पूर्ण १२.४ कसे दाखविले? मीटर खोटें बोललें नाहीं. काळें टोंक थेट बॅटरीला लावून आम्हीं तो गंजलेला बोळच टाळला होता. जो प्रश्न विचारला त्याचें मीटरनें खरें उत्तर दिलें. प्रश्नच आम्हीं अर्ध्या मंडलाविषयीं विचारला होता. तीच दोन टोकें झडपेच्या दोन तारांना लाविलीं असतीं तर आठ हा आंकडा तेव्हांच समोर आला असता आणि दोन दिवस वांचले असते.

जातां जातां सांगतों, हा नियम शोधून काढणारा गेओर्ग ओहम हा जर्मनीतील कोलोन शहरीं एका हायस्कुलांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. शाळेच्याच उपकरणांवर त्यानें आपले प्रयोग केले आणि १८२७ सालीं ग्रंथ छापला. त्याच्या देशांत ग्रंथाचें स्वागत फार थंडपणें झालें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्यास कॉप्ले पदक दिलें, तोंवर चौदा वर्षें गेलीं होतीं. त्या मोटारखान्यांत आम्हांस त्याची फार आठवण झाली, व थोडी लाजही वाटली.

बाकीचें काम हातांचें. डाव्या मडगार्डच्या आंतील बाजूस एका स्क्रूखालीं दोन तारा सांपडल्या: एक डाव्या दिव्याची, दुसरी झडपेची. आधींच्या मालकानें रंग न खरवडतांच झडपेची तार त्या स्क्रूखालीं सरकविली होती, आणि त्या प्रांतीं हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात, त्याचें पाणी वर्षानुवर्षें तेथें उडत होतें. पाना लावतांच स्क्रू मोडून हातांत आला. त्याच्या बुडाशीं तांबूस भुकटीखेरीज कांहीं नव्हतें. बॅटरीची तार प्रथम सोडविली. जागा कानशीनें पांढरी केली, दिव्याची तार नव्या स्क्रूनें घट्ट बसविली, वर ग्रीस चोपडलें. झडपेसाठीं मात्र निराळी काळी तार बॅटरीच्या ऋण खुंट्यापर्यंत नेली, म्हणजे पुनः तिला कोणाच्या गर्दींत सांपडावें लागूं नये. काळी तार विकत आणण्यास पुतण्या मुद्दाम बाजारांत गेला. घरांत लाल पुष्कळ होती, पण तो म्हणाला, "या गाडींत आतां आणखी एक लाल तार नको."

दिवे लावून पंप दाबला. टक्. परतीच्या तारेवर मीटर लाविलें. चारांच्या जागीं व्होल्टाचा शंभरावा हिस्सा दोन-चार वेळां येऊन जाई, एवढेंच. टाकीची चावी उघडून प्रत्येक जोडावर साबणाचें पाणी लाविलें व बुडबुडा कोठेंही येत नाहीं हें मुलीकडून तपासून घेतलें, कारण तोंपर्यंत तिच्या डोळ्यांवर आमच्यापेक्षां सर्वांचाच अधिक विश्वास बसला होता. दाबाचें बटण, रिले, फ्यूज, सर्व पूर्ववत् आपापल्या जागीं राहिलीं. त्या रात्रीं दुसरी खेप देऊन पुतण्या नऊच्या सुमारास परत आला. चढणीवर गाडी रडली नाहीं, आणि दोन्ही डोळे पांढरे होते.

रात्रीं जेवणाच्या वेळीं त्या मुलीपुढें आम्हीं कबूल केलें कीं तिचा पहिल्या दिवसाचा प्रश्न बरोबर होता. वायु नसला तरी टक् व्हावयासच पाहिजे होतें, आणि तें मोठेपणीं समजण्यासारखें नसून तेव्हांच समजण्यासारखें होतें. तिनें तें फारसें मनावर घेतलें नाहीं. तिचें लक्ष सोललेल्या टोकांच्या त्या लाल तारेकडे होतें. ती आपणांस हवी आहे, असें ती म्हणाली. आम्हीं तिला एक मोठा खिळा दिला. दुसऱ्या दिवशीं तिनें ती सारी तार खिळ्याभोंवतीं गुंडाळली, टॉर्चमधील घट क्षणभर लाविला, आणि सूनबाईंच्या शिवणाच्या डब्यांतील टांचण्या उचलूं लागली. घट काढल्यावरही दोन टांचण्या खिळ्याला चिकटून राहिल्या, त्या कां राहिल्या, असें तिनें विचारलें, तेव्हां उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं खुर्ची ओढून तिच्याशेजारीं बसलों आणि टांचण्या नीट पाहिल्या.